भांड्याखालचं नाव

टॉर्निंग, मिनेसोटा
११ मार्च १९९६

प्रिय लव्हॉन,

फोनच करणार होते, पण आपण दोघी बहिणी फोनवर तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि मग आठवडाभर मला ॲसिडिटी होते. म्हणून पत्र.

आईचं घर विकलं गेलं. शाळेत नवा गणिताचा मास्तर आलाय, त्याने घेतलं. बायको आणि दोन मुलं आहेत, १ मे रोजी राहायला येतील. २० एप्रिलला, शनिवारी, ड्वेन ब्रेके ट्रक घेऊन घर रिकामं करायला येणार. गेलेल्या माणसांची घरं रिकामी करायची हाच त्याचा धंदा. त्याने मला आधी करायच्या कामांची यादीच दिलीय. कोटांचे खिसे तपासायचे, पुस्तकं झटकायची, औषधं आणि रंगाचे डबे वेगळे काढायचे, फ्रीझर रिकामा करून पुसायचा. जे घरच्यांना ठेवायचंय त्याला हिरवी फीत बांधायची. फीत नसलेलं सगळं ट्रकमध्ये जाणार. "नंतर रडत माझ्या गोदामात यायचं नाही," म्हणाला. मी म्हटलं, मी कशाला रडते? तर म्हणे, "असं म्हणणारेच येतात."

रोज दुपारी दोन तास जाते. धुऊन वाळवलेल्या पावाच्या पिशव्या, खोकंभर. प्लॅस्टिकचे डबे एका खणात, झाकणं दुसऱ्या खणात, आणि एकाचं एकाला बसेल तर शपथ. बाबांच्या बियाण्याच्या दुकानातल्या सतरा टोप्या. कोटाच्या प्रत्येक खिशात एक रुमाल आणि एक पेपरमिंटची गोळी. फ्रीझरमध्ये पाच वर्षांपूर्वीचा मका. ऑर्विल म्हणाला टाकून दे. मी म्हटलं, आईने सोललाय, टाकणार नाही. म्हणून आम्ही रोज मका खातोय. त्याने अजून तक्रार केलेली नाही, पण काल जेवणाआधीची प्रार्थना नेहमीपेक्षा बरीच लांबवली.

तुला काय हवंय ते लिही, म्हणजे फीत बांधून ठेवते. दफनाला आलीस, तिसऱ्या रांगेत पाहुण्यासारखी बसलीस, मोटेलमध्ये झोपलीस आणि सकाळच्या विमानाने गेलीस. माझ्या घरी दोन खोल्या रिकाम्या होत्या. पण ते जाऊ दे. यादी पाठव.

मार्लिस


टूसॉन, ॲरिझोना
१७ मार्च

प्रिय मार्लिस,

मला काही नको. रागाने म्हणत नाही. माझं घर लहान आहे आणि मला पसारा सोसत नाही. तुला हवं ते ठेव, बाकीचं जाऊ दे.

मोटेलचं म्हणशील तर चर्चच्या तळघरात जेवण चालू असताना एकूण एक बाई माझ्याशी हवामानावर बोलली. लोवेलची आताची बायकोसुद्धा. "तिकडे कोरडी हवा असते ना?" म्हणाली आणि माझ्या ताटात केक वाढला. चांगली आहे बिचारी, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तुझ्या घरी आले असते तर मला रडू आवरलं नसतं, आणि रडणाऱ्या माणसाला तू भांडी घासायला लावतेस.

एकच विचारायचंय. बारा वर्षांपूर्वी मी लोवेलला सोडलं, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती, "नवऱ्याला घेऊन येशील तेव्हा ये." त्यानंतर तिचा एक शब्द माझ्यापर्यंत आला नाही. शेवटचे आठवडे तू तिच्या उशाशी होतीस. माझ्याबद्दल काही बोलली का? नसेल तर नाही म्हणून लिही. गोड करून सांगू नकोस, तुला ते जमतही नाही.

लव्हॉन


टॉर्निंग
२५ मार्च

लव्हॉन,

नाही, बोलली नाही. तिचं शेवटचं वाक्य नर्ससाठी होतं, "कॉफी पातळ आहे." पण तिने बोलायची गरजच काय? करूनच ठेवलंय की सगळं.

वरच्या शिवणाच्या खोलीतलं कपाट आठवतं? त्याला कुलूप असायचं. मला वाटायचं, आत कापडाचे तुकडे असतील. किल्ली तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडली (ड्वेनची यादी, पुस्तकं झटका). उघडलं तर आत बारा खोकी, ओळीने रचलेली, नवीकोरी. विजेचं ब्लँकेट. हातातला मिक्सर. कॉफीचं यंत्र. भिंतीवरचं घड्याळ. सहा पेल्यांचा संच. पलंगाजवळचा दिवा. घरात घालायच्या सपाता. ओव्हनचं झाकणवालं भांडं. केस वाळवायचं यंत्र, टोस्टर, आंघोळीनंतरचा झगा, छोटा रेडिओ. आणि प्रत्येक खोक्याच्या खाली कागदी चिकटपट्टी लावून आईच्या अक्षरात नाव लिहिलंय. लव्हॉन. बाराच्या बारा. मी एकही उघडलं नाही, माझं नाव नाही ना त्यावर.

म्हाताऱ्या बायका वस्तूंखाली कोणाचं काय ते लिहून ठेवतात, मागे भांडणं नकोत म्हणून. इन्गाआत्याने नाही का तपकिरीच्या डबीखालीसुद्धा नाव लिहिलं होतं? म्हणून मग मी सगळं घर पालथं घातलं. टेबल उलटं केलं, सहाही खुर्च्या उलट्या केल्या, शिवणयंत्राखाली आडवी होऊन पाहिलं, ऑर्विलकडून फ्रीझर सरकवून घेतला. मार्लिस कुठेही नाही. कुठ्ठेही नाही.

तुला काय बोलू? रोज सकाळी तिची कॉफी मी केली. बर्फात तिच्या दारासमोरची वाट मी उपसली. तिच्या पायाची नखं मी कापली. ओव्हनजवळच्या फडक्याला भोक पडलं तर ती ठिगळावर ठिगळ लावायची, नवा घे म्हटलं की म्हणायची, "चालेल हाच." आणि तुझ्यासाठी चोरून विजेचं ब्लँकेट घेतलं! ॲरिझोनात! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

कुठे पाठवू ते कळव.

मार्लिस


टूसॉन
३१ मार्च

प्रिय मार्लिस,

यादी वाचली. ती खोकी मला पाठवू नकोस. चर्चच्या विक्रीला दे, नाहीतर ड्वेनच्या ट्रकमध्ये जाऊ दे. उघडूही नकोस.

तुला लागलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. याहून जास्त काही लिहिता येत नाही.

लव्हॉन


टॉर्निंग
६ एप्रिल

लव्हॉन,

वा! राणीसाहेबांना नको. मला मिळालं असतं तर मी एक चमचासुद्धा उशाशी घेऊन झोपले असते, आणि तुला बारा खोकी मिळाली तर म्हणे ट्रकमध्ये टाक. आईने कोणाला जीव लावावा हे तिचं तिला ठाऊक, पण माणूस ओळखण्यात चुकली.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे करते. हिरवी फीत बांधत नाही. ड्वेनला म्हटलं, ही बारा खोकी सगळ्यांत आधी चढव, मला दिसायला नकोत.

आणखी एक सांगते, म्हणजे नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. मी आईचा फोटो बैठकीतल्या भिंतीवरून काढून ठेवला. उद्या ईस्टर. सगळे कबरीवर लिलीची फुलं नेतात. मी नेणार नाही. ऑर्विल म्हणाला, असं करू नये. मी म्हटलं, तू मका खा.

मला रात्री झोप लागत नाही. साठीला आलेली बाई मी, आणि आईने माझं नाव कुठे लिहिलं नाही म्हणून पोरीसारखी मुसमुसते. हे कोणाला सांगू नकोस.

मार्लिस


टूसॉन
१४ एप्रिल

प्रिय मार्लिस,

फोटो भिंतीवर लाव. आज, हे पत्र खाली ठेवून लाव. मग पुढचं वाच.

ती खोकी आईने माझ्यासाठी घेतलेली नाहीत. मी तिच्यासाठी पाठवलेली आहेत. दर नाताळला एक. ब्लँकेट ८४ चं, मी इथे आले त्या वर्षीचं. मिक्सर ८५ चा. रेडिओ परवाच्या डिसेंबरमधला. दुकानातून परस्पर तिच्या पत्त्यावर जायचं. वरचा तपकिरी कागद तिने सोडवून, इस्त्री करून कुठेतरी खणात अंथरला असेल, बघ. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच तिला विचारलं असतंस, आणि ती काय म्हणाली ते तू मला जसंच्या तसं कळवलं असतंस.

तुझी यादी वाचताना चौथ्या वस्तूला कळलं, हे सगळं मी पाठवलेलंच. मला वाटायचं, उत्तर देत नसली तरी ती वापरत असेल. थंडीत ब्लँकेट लावताना माझी आठवण काढत असेल, निदान शिव्या घालत असेल. इन्गाआत्याचं सोड, तिला हौस होती. पण चर्चच्या तळघरात आपल्या बायका भांड्याखाली पट्टी लावून नाव का लिहितात, ते तूच सांग. जेवण झालं की ज्याचं त्याला परत जावं म्हणून. आईने बारा वर्षांत माझी एक वस्तू आपली म्हणून घेतली नाही. परत करायची म्हणून बाजूला ठेवली.

तुझ्या पत्रातली लाडकी मुलगी मी दोन आठवडे होऊन पाहिली. खोटं आहे हे ठाऊक होतं, तरी बरं वाटत होतं. म्हणून गप्प बसले. तुझी झोप उडेल असं वाटलं नव्हतं. मला माफ कर.

ती तुझ्यावर रागावलेली नव्हती. माझ्यावर होती, शेवटपर्यंत. आता कळलंय, आणि त्यावर करण्यासारखं काही उरलेलं नाही.

लव्हॉन


टॉर्निंग
२१ एप्रिल

प्रिय लव्हॉन,

हे सावकाश वाच. मी पण सावकाश लिहिते आहे.

तुझं पत्र काल सकाळी अकराला आलं. पोस्टमनने ट्रक पाहिला आणि ते आईच्याच दारात माझ्या हातात दिलं. मी अंगणातच उभ्याने वाचलं. तेवढ्यात समोरच्या मिसेस लोफग्रेन ट्रकवाल्यांसाठी कॉफीची किटली घेऊन आल्या. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, बर्फ अजून कडेला आहे, आणि हातात किटली. माझं तोंड बघून म्हणाल्या, "कोण गेलं आता?"

मी सगळं सांगून टाकलं. खोकी, पट्ट्या, तुझं नाव, माझं नसलेलं नाव. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तुझ्या आईला काही नेऊन दिलंस तर ती काय करायची?"

"काय करणार? वापरायची."

"नाव लिहायची त्याच्याखाली?"

"नाही."

"मग? घरातल्या भांड्याखाली कोण नाव लिहितं, मार्लिस? ते कुठे जाणार असतं?"

लव्हॉन, मी तिथे पायरीवरच बसले. ड्वेनला वाटलं चक्कर आली.

मिसेस लोफग्रेन मात्र थांबल्या नाहीत. "आणि खोकी उघडलीस का?" म्हटलं, नाही. तर चिडल्या. "अगं, पन्नास वर्षं मी तुझ्या आईबरोबर त्या तळघरात भांडी घासली. तिने जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलेलं नाही. जा, उतरव ती."

खोकी सगळ्यांत आधी चढवलेली, म्हणजे सगळ्यांत आत. त्यांच्यापुढे सोफा, दोन पलंग, फ्रीझर. ड्वेन म्हणाला, "बाई, तुम्हीच म्हणालात दिसायला नकोत." पण उतरवलं सगळं. अर्ध्या गावाने बघितलं. आईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मी एकेक उघडलं, कारण टेबल ट्रकमध्ये होतं.

ब्लँकेटच्या घडीत लाल प्लमच्या जॅमची बरणी, झाकणावर १९८४. मिक्सरच्या खोक्यात लोकरीची टोपी. सहाही पेल्यांत नाताळची बिस्किटं, आता दगड झालीत. कॉफीच्या यंत्रात परसातल्या घेवड्याचं बी, रुमालात गाठ मारून. घड्याळाच्या खोक्यात भरतकाम केलेला फडका. सपातांमध्ये आजीची चांदीची पिन, जी मी तीन वर्षं शोधत होते, ती एक मला हवी होती, पण असू दे, तुझी. दिव्याच्या खोक्यात, ते ८९ चं असणार, लोवेलच्या दुसऱ्या लग्नाची वर्तमानपत्रातली बातमी, नीट कापलेली. यातून तिला टोमणा मारायचा होता की "आता माझी अट संपली, ये बाई" असं म्हणायचं होतं, ते मला सांगता येणार नाही. मी दोन्ही बाजूंनी वाचून पाहिली. बाराही खोक्यांत काही ना काही आहे. सगळ्यांत वरचं रेडिओचं. त्यात लोकरीचा हातमोजा आहे, अर्धा विणलेला, सुयांसकट.

चिठ्ठी कशातही नाही. खोक्यांचे तळ खरवडून पाहिले. एक अक्षर नाही. तू गोड करून सांगू नकोस म्हणालीस, म्हणून हे पण लिहिते.

फोटो लावला. लिली मिळाली नाही, ईस्टर संपला, दुकानात फक्त जिरेनियम होतं. ते नेलं.

तुझी,
मार्लिस


टूसॉन
२७ एप्रिल

मार्लिस,

तुझं पत्र दोन दिवस घेऊन हिंडते आहे. आधी रडले, मग मला इतका राग आला की बशी फोडली. एक पोस्टाचं तिकीट, मार्लिस! बिस्किटं भाजायला सवड होती, कपाटाला कुलूप लावायला सवड होती, आणि एक तिकीट चिकटवायला हात गेला नाही! बारा वर्षं माझं भांडं भरून ठेवलं आणि दारापर्यंत आणलं नाही. कोणती आई असं करते?

मग आठवलं, माझ्याकडेही गाडी आहे. मीही दुकानातून परस्पर वस्तू धाडल्या. एकदाही चिठ्ठी घातली नाही. तिने विचारलं असतं तर, तिने लिहिलं असतं तर, असं म्हणत बसले. तिची मुलगी शोभते मी.

तिचा राग गेला होता की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. पण ती दर वर्षी माझ्यासाठी काहीतरी करत बसली होती, एवढं कळलं. कालपर्यंत एवढंही नव्हतं.

खोकी पोस्टाने पाठव. खर्च मी देते. बिस्किटंसुद्धा पाठव.

लव्हॉन


टॉर्निंग
२ मे

प्रिय लव्हॉन,

पोस्टाने पाठवणार नाही. भांडं परत करायचं ते हाताने, दारात उभं राहून, आणि आत बोलावलं तर कॉफी पिऊन. आईला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर तिने पोस्टात टाकलं नाही. तिला यायचं होतं आणि येववत नव्हतं, असं माझं मत. तुझं वेगळं असेल तर समोरासमोर भांडू.

मास्तर राहायला आले. घर रिकामं कसं दिसतं ते मी बघितलं नाही, किल्ली ऑर्विलने दिली. आता तो गाडीचं तेल बदलतोय. सोमवारी निघतो, चार दिवस लागतील. मी उभ्या जन्मात साऊथ डकोटाच्या पलीकडे गेलेली नाही, तेव्हा तुझ्याकडची कोरडी हवा कशी असते ते एकदाचं बघते. मोटेलमध्ये राहणार नाही. खोली झाडून ठेव.

हातमोजा मांडीवर घेऊन बसणार आहे, डिकीत टाके सुटतील. मी पुरा केलेला नाही. आईने आपल्या दोघींना विणायला बसवलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी मला उठवून भांड्यांना लावलं, आठवतं ना? अंगठ्यापर्यंत झालाय. सुया तिने होत्या तशाच सोडल्यात, पुढचं तुला विणायचंय.

मार्लिस